हमीद मास्तरांना दौंडला चालवत नेलं

निघताना आम्हा दोघांचे मिळून चार पाय होते, परत आलो तेव्हा तीन. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच वाटायला नको की पुढं कुठंतरी नदीकाठचा सुंदर सूर्यास्त येणार आहे. सूर्यास्त झाले, चांगले झाले. माझं लक्ष नव्हतं. मी किलोमीटरचे दगड मोजत होतो.

मी तलाठी होतो. शिरूर तालुक्यात पीकपाहणीसाठी तीस वर्षं बांध तुडवले. आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि नोकरी संपली तरी ते नाव सुटत नाही. रिटायर झाल्यावर रोज पहाटे मी घोडनदीच्या पुलापर्यंत आणि पुढं चालायला लागलो. नुसता चाललो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मला दुसऱ्यांना चालवायची हौस. सात-आठ जणांची टोळी जमवली. एखादा एक दिवस आला नाही तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्याची अशी सालटी काढायचो की अंगात ताप असला तरी गडी हजर. डॉक्टर, गोळ्या, सुया हे सगळं आळशी माणसांसाठी आहे, असं माझं मत होतं आणि ते मी मोठ्यानं सांगायचो.

या टोळीत हमीद मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर-मास्तर. बाजारपेठेत दहा बाय आठचं दुकान, त्यात एक पायमशीन, आणि त्या मशीनवर चाळीस वर्षं. शिरूरमधल्या अर्ध्या लोकांच्या लेंग्या-सदऱ्यांची मापं त्यांना तोंडपाठ. माणूस मवाळ. कुणी कापड कमी आणलं तरी त्यातच कसंबसं बसवून देणारा. त्यांना साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. मास्तर माझ्याकडं आले. सहा महिने चालले, गोळ्याही घेतल्या, आणि साखर उतरली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की चालण्यानं उतरली. गोळ्यांचं नाव मी घेतलं नाही.

शिरूर ते दौंड चालत जायचं खूळ माझंच. वाटेत तीन रात्री मुक्काम, चौथ्या दिवशी सकाळी दौंडात. तिथं माझे जावई रेल्वेत आहेत, ते हार घेऊन चौकात उभे राहणार, आणि मग दवाखान्यात जाऊन मास्तरांची साखर तपासायची. ती नॉर्मल निघाली की गोळ्या कायमच्या बंद. टोळीतले बाकीचे हो हो म्हणत एकेक करून गळाले. मास्तर तेवढे राहिले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या दुकानात जाऊन मी बजावलं, "गोळ्या घरी ठेवा. बरोबर घेतल्या तर परीक्षा कसली?"

मास्तरांच्या बायकोनं, आम्ही त्यांना भाभी म्हणतो, आतून विचारलं, "भाऊसाहेब, चार दिवस गोळी न्हाई घेतली तर चालंल का?"

"भाभी, चालणं हीच गोळी," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडायचं.

शिरूर ते न्हावरे

जानेवारीतली पहाट, थंडी मरणाची. मास्तरांना मी नवे कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले होते. डोक्याला मफलर, खांद्याला पिशवी, त्यात एक चादर आणि नमाजाची टोपी. गाव मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना कांदा लागला. मध्येच ऊस, मध्येच रिकामी रानं. दव एवढं की बांधावरचं गवत पांढरं दिसत होतं.

त्या रस्त्यावर हौसेनं चालणारी माणसं म्हणजे फक्त आम्ही दोघं. पुण्यात सकाळी चालणाऱ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. इथं दर दहा मिनिटांनी मोटारसायकल थांबायची. "भाऊसाहेब, यष्टी चुकली काय? बसा की मागं." नको म्हटलं की तो माणूस दुखावायचा. एकानं तर गाडी बंद करून खाली उतरून विचारलं, "माझं काय चुकलं का?" दुसऱ्यानं मास्तरांकडं बघून मला झापलं, "तुमाला हौस आसंल वो, त्या म्हाताऱ्याला कशाला वढताय?" मास्तर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आम्ही दोघंही हसलो.

निमोण्यात फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतला. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि एक स्टोव्ह. पुढं एका ओळखीच्या शेतकऱ्यानं हुरड्याला थांबवलं. शेकोटीतली कणसं हातावर चोळून तो गरम हुरडा देत होता, बरोबर लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. मास्तरांनी गूळ बाजूला ठेवला. मी म्हटलं, "खा हो. चालणाऱ्याला सगळं जिरतं." त्यांनी खाल्ला. एक नव्हे, तीन खडे.

संध्याकाळी न्हावऱ्याच्या अलीकडं बबन आप्पांच्या वस्तीवर पोचलो. आप्पांच्या जमिनीची नोंद एकेकाळी माझ्या हातून झालेली, त्यामुळं आग्रहाचं बोलावणं होतं. आमच्या भागात पाहुणा दारात आला की आधी पायावर पाणी. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊन. आप्पांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, बंब पेटवून ठेवलेलाच होता. दोन घमेली ओट्याखाली मांडली. माझ्या घमेल्यात बंबाचं पाणी ओतलं, त्यात गार पाण्याचं विसण घातलं आणि मी पाय सोडले. काय सुख ते! मग मास्तरांच्या घमेल्यात बंबाचं पाणी ओतून त्या विसण आणायला आत वळल्या.

तांब्या घेऊन त्या बाहेर आल्या तर मास्तरांचे दोन्ही पाय पाण्यात.

"अगं बाई! मास्तर, पाय काढा! नुसतं आधण हाय त्ये!"

मास्तर शांत. "बेस हाय की, ताई. कोमट हाय."

कौसाबाईंनी पाण्यात बोट घातलं आणि चटका बसून मागं घेतलं. घाईघाईनं तांब्या ओतला. आप्पा तोंडात तंबाखू धरून तसेच बघत राहिले. आणि मी, मी काय केलं? मी मांडीवर थाप मारून हसलो. "बघा आप्पा, याला म्हणतात चालणाऱ्याचे पाय! सहा महिन्यांत कातडं कसं निबर झालंय!"

मास्तर माझ्याकडं बघून हसले. मला तेव्हा ते हसणं कौतुकाचं वाटलं.

मग आप्पांनी त्यांच्यासाठी पडवीत धुतलेली सतरंजी अंथरली, मावळत कुठं ते सांगितलं, आणि मास्तरांची नमाज होईपर्यंत जेवायला कुणी बसलं नाही. बाजरीची भाकरी, पिठलं, कच्चा कांदा, वर तूप. इतकं चांगलं जेवण त्या प्रवासात पुन्हा मिळालं नाही.

न्हावऱ्याची सकाळ

सकाळी मास्तर बूट घालायला बसले आणि थबकले. दोन्ही पायांवर फोड आले होते. डाव्या पायावर लहान होते. उजव्याच्या तळव्यापासून घोट्यापर्यंत एकच मोठा फोड, पाण्यानं टम्म भरलेला, कडेनं पांढरट कातडं. चालून येतात ते फोड टाचेवर, बोटांवर येतात. हा तसला नव्हता, हे मला दिसलं. तीस वर्षं पायी हिंडलेल्या माणसाला ते दिसणारच.

कौसाबाई म्हणाल्या, "ह्यो भाजल्याचा फोड हाय. आवो, ह्यांस्नी दवाखान्यात न्या. आमचा थोरला मोटरसायकल काढतोय, धा मिन्टाचं काम."

मोटारसायकल दारातच उभी होती. थोरल्यानं किल्लीही लावली. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला होता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. अजाबात न्हाई."

"मग झालं तर! हा चालण्याचाच फोड. दौंडला पोचेपर्यंत बसेल." आणि कौसाबाईंना म्हणालो, "एक धुतलेलं फडकं द्या, बांधून टाकू."

एवढं बोलायला मला काय लागलं? काहीच नाही. दौंडात हार घेऊन जावई उभे राहणार होते, शिरूरात टोळी वाट बघत होती, आणि दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर बसणं मला कमीपणाचं वाटलं. बाकी काही कारण नव्हतं. कौसाबाईंनी जुन्या धोतराचं फडकं हळद लावून बांधून दिलं. माझ्याशी त्या नंतर बोलल्या नाहीत.

भीमेच्या अलीकडं-पलीकडं

गळिताचा हंगाम जोरात होता. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, पडलेल्या कांड्या, आणि हवेत गुऱ्हाळांचा गोड धूर. एका फडाच्या कडेला ऊसतोड करणाऱ्या बाया मोळ्या बांधत होत्या. दूरच्या दुष्काळी भागातनं आलेल्या. मी त्यांच्याकडं पाणी मागितलं आणि पाणी पिता पिता त्यांना चालण्याचे फायदे सांगायला लागलो, कारण मला राहवत नाही. साखर उतरते, दम वाढतो, झोप लागते, असं सगळं.

त्यातली एक मोळी डोक्यावर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आबा, आमी तर दीसभर चालतोच. तरी माझी कंबर गेली, हिचं गुडघं गेलं. बसाया मिळालं आसतं तर कोन चाललं आसतं?"

बाकीच्या हसल्या. तीच बाई मास्तरांच्या पायाकडं बघून म्हणाली, "ह्यांचा पाय वाकडा पडतोय. बसवा त्यांना." मी म्हटलं, सवय नाही त्यांना. आणि चाललो.

पुढं गुऱ्हाळावर थांबलो. मास्तरांना सारखी तहान लागत होती. एकामागं एक तीन पेले रस त्यांनी घेतला आणि मी घेऊ दिला. तहान वाढणं हे साखर चढल्याचं लक्षण, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते थकव्याचं लक्षण वाटलं.

नदी ओलांडून केडगावच्या बाजूला एका मशिदीच्या ओवरीत मुक्काम मिळाला. तिथल्या मौलवींनी माझ्यासाठी शेजारच्या घरातनं वेगळी भाजी मागवली आणि निजायला गादी दिली. नमाजाआधी वजू करताना मास्तरांनी उजवा पाय धुतला नाही. फडक्यावरनं नुसता ओला हात फिरवला. मी विचारलं तर म्हणाले, "पट्टी आसली की तेवढं चालतं." फडकं पिवळं होऊन वाळलं होतं. ते हळदीनं पिवळं झालंय, असं मी ठरवलं.

पाटस

तिसऱ्या दिवशी हायवेला लागलो. चालायला याहून वाईट रस्ता नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, धूळ डोळ्यांत, आणि कडेला चालायला जागा नाही. मास्तर मागं पडत होते. अंगात कणकण होती. मी वीस-पंचवीस पावलं पुढं जाऊन थांबायचो, ते आले की पुन्हा निघायचो. त्यांना विसावा मिळतच नव्हता, कारण ते पोचले की मी चालू पडायचो. हे मला आज, लिहिताना, कळतंय.

कारखान्याच्या भोंग्याच्या वेळेला पाटसला पोचलो. एका हॉटेलात बाकावर बसलो. मालक भजी घेऊन आला, ताट ठेवलं, आणि नाक फेंदारून इकडंतिकडं बघायला लागला. "काय तरी कुजल्यावानी वास येतोय. मेलेला उंदीर हाय का बाकाखाली?" तो वाकला. मग हळूच वर बघून म्हणाला, "पाव्हणं, बूट काढा तुमचा."

बूट निघाला, पण मोजा निघेना. मी ओढला. मोज्याबरोबर फडकं आलं, आणि फडक्याबरोबर तळव्याचं कातडं आलं. खालचं मांस काळपट हिरवं. समोरच्या बाकावरची दोन माणसं चहा टाकून उठून गेली. मास्तर तो पाय गुडघ्यावर घेऊन बघत होते, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"दुखत न्हाई वो, भाऊसाहेब," ते म्हणाले.

दोन दिवस हे ऐकून मी खूश होत होतो. त्या बाकावर ते ऐकलं आणि मी मोजा हातातून टाकून दिला. ज्या पायाची अशी दशा झाली तो पाय दुखत नाही! भीती म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षी पाटसच्या हॉटेलात कळलं.

मालकानं स्वतःची जीप काढली. पैसे घेतले नाहीत. दौंडात शिरताना चौकात जावई दिसले. मी आदल्या दिवशी एसटीडी बूथवरनं फोन करून, वेळेआधी पोचतो असा तोरा मारला होता, म्हणून बिचारे आजच दोन मित्र घेऊन उभे होते. हातात झेंडूचे हार. ते रस्त्यावर चालत येणाऱ्यांकडं बघत होते. जीप त्यांच्यासमोरून गेली.

दौंड

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय बघितला, रक्त घेतलं, मग कापसाची वात करून मास्तरांना डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या पायावर, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या पायावर, ती फिरवत विचारलं, "इथं लागतंय? इथं? इथं?" मास्तर प्रत्येक वेळी विचारत होते, "लावली का?"

"साखरेनं पायांची जाणीव गेलीय यांची," डॉक्टर मला म्हणाले. "आणि साखर तर मशीनच्या वर चाललीय. गोळ्या कोणत्या घेतात?"

"बंद केल्यात."

"कुणी?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"तलाठी."

मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी दिल्या नाहीत. उलट म्हणाले, "आजोबा, चालण्यासारखा चांगला व्यायाम नाही. मीसुद्धा चालतो. यांनाही मी चालायला सांगितलंच असतं. पण रोज पाय उलटा करून बघायचा, गोळी चुकवायची नाही, आणि गरम पाण्यात पाय घालायचा नाही, हे आधी सांगितलं असतं." बोलता बोलता ते पुण्याला न्यायची चिठ्ठी लिहीत होते.

पुण्यात सरकारी हॉस्पिटलात चौथ्या दिवशी मास्तरांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. सहीला मी पुढं झालो तर भाभींनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. "तुमी ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब." एवढंच म्हणाल्या. याहून जास्त बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परत शिरूर

लोक मला अजून विचारतात, भाऊसाहेब, चालण्यानं खरंच काही होतं का? होतं. साखर उतरते, छाती भरते, डोकं ताळ्यावर येतं. माझं शरीर त्याची साक्ष आहे. पण ज्याच्या-त्याच्या पायांत काय चाललंय ते बाजूनं चालणाऱ्याला दिसत नाही, आणि मी तर सदा वीस पावलं पुढं. मी चालणं सोडून दिलं. टोळी मोडली. मास्तरांच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून बाजाराला मागच्या गल्लीनं जायचो.

तीन महिन्यांनी त्यांचा निरोप आला, लेंग्याचं माप द्यायला या. लेंगा मी शिवायला टाकलाच नव्हता. तरी गेलो. पायमशीनला आता विजेची मोटर बसवली होती. मास्तर स्टुलावर, उजव्या बाजूचा पायजमा दुमडून पिन लावलेला. त्यांनी मला समोर बसवलं.

"तुमी चालायचं सोडलं म्हणं?"

"हो."

"का वो?"

तीन महिने दाबून ठेवलेलं मग मी बोललो. "मास्तर, न्हावऱ्यात मोटारसायकल दारात उभी होती. फोड भाजल्याचा आहे हे मला दिसलं होतं. कळून सवरून मी तुम्हाला चालवलं. तुमचा पाय मी घालवला." बोलताना मला रडू आलं. बाजारात, उघड्या दुकानात, मी रडलो.

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"तुमाला दिसलं ते एक सकाळचं," ते म्हणाले. "माझ्या पायांचं मला वरसापास्नं ठाऊक हुतं. चालता चालता चप्पल निसटून मागं ऱ्हायाची आन् मला कळायचं न्हाई. टाचणी रुतली तर मोज्याला रगत दिसल्यावर समजायचं. त्या घमेल्यातली वाफ मला दिसत हुती. तुमी आधी पाय घातला हुता, म्हणलं समद्यांचं पाणी सारखंच आसंल. ताई वरडली तवा समजलं. पण 'मला कळलं न्हाई' म्हणायची लाज वाटली."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत? भाभींना?"

"हिला सांगितलं आसतं तर तिनं तुमाला सांगितलं आसतं." त्यांनी दुकानाकडं हात केला. "चाळीस वर्सं या खोलीत बसलोय, भाऊसाहेब. सकाळचा त्यो एक तास माणसांत आसायचो. तुमी गल्लीच्या तोंडाला येऊन हाक मारायचा, 'मास्तर, उठा!' आन् मी आधीच बूट घालून बसल्याला आसायचो. माझं पाय आसं झाल्यात म्हणून सांगितलं आसतं, तर तुमी मला हाक मारली आसती का? खरं सांगा. नेलं आसतं का मला?"

तलाठ्याच्या नोकरीत माणूस खोटं बोलायला शिकतो. सातबाऱ्यावर हात ठेवून मी पुष्कळ खोटं बोललोय. त्या दिवशी एक खोटं बोललो असतो तर त्यांनाही बरं वाटलं असतं आणि मलाही.

"नाही," मी म्हणालो. "नसतं नेलं."